लेझर घेतलेला तांडेल

मुर्धा, ता. २३ जुलै १९७८, रविवार

चि. तुळशीरामास लीलाधरदादाचा पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत. होडी ज्येष्ठातच वर ओढून झावळ्यांनी शाकारली. रेवदंड्याची तुझी सासरची मंडळी बरी असतीलच.

तुळशा, मी डोळ्याला लेझर घेऊन आलो! मुर्ध्यात तरी असा पहिला मीच.

तुला वाटेल, दादाने काय फाडून घेतलं? काही फाडत नाहीत रे. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आधी थेंब घालून बाहुली मोठी केली, मग दुसऱ्या थेंबांनी डोळा बधिर केला. यंत्रापुढे बसवलं, हनुवटी टेकवली, बुबुळावर काचेचं भिंग ठेवलं आणि निळा-हिरवा उजेड सुरू! टप, टप, टप. आत खोल कुठेतरी सुई टोचल्यासारखं होतं, पण सोसवतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, अजिबात हलू नका." आयुष्यभर हलत्या होडीत सुकाण धरून उभ्या राहिलेल्या तांडेलाला हे सांगायचं! पण बसलो दगडासारखा.

साखरेच्या दुखण्यात म्हणे डोळ्याच्या पडद्यावर कच्च्या शिरा फुटतात, त्यातून रक्त उतरतं. उजेडाने पडदा जागोजाग डागला की त्या सुकतात. हे ऐकून तुझी वहिनी कृष्णाबाई म्हणाली, "डागनीच द्यायची व्हती तं आपला वैदू काय वाईट व्हता?"

तासाभराने माझा मी चालत बाहेर आलो, काळा चष्मा लावून. सगळं धूसर दिसत होतं, पण ते थेंबांमुळे.

आता घरची गंमत ऐक. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळची तयारी कृष्णाबाईने जशीच्या तशी करून ठेवलेली! खिडकीला घोंगडी, कपाळाला हिरवं फडकं, आणि उशीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. "मान हालवू नका, न्हाय तं डोला जाईल!" अगं, मी स्टेशनवरून पायी आलोय, म्हटलं. ऐकते कुठली? मग सारा पाडा बघायला आला, तोही ग्लुकोजची बिस्किटं घेऊन. साखरेच्या माणसाला! दोन दिवस मी पिशव्यांमध्ये पडून राहिलो आणि मुकाट भाताची पेज प्यालो. खरं सांगू, बरं वाटलं. एवढे लाड लग्नातही झाले नव्हते.

अजून दोन खेपा आहेत. त्या डाव्या डोळ्याच्याच.

उजव्याचं विचारशील. उजव्यात रक्त फार उतरलंय, तिथे लेझर चालत नाही. वैशाखात मी होडी खाडीतल्या खुंटावर घातली ना, लोक भरतीला नावं ठेवत होते. भरती नव्हती रे. उजवीकडचा खुंट मला दिसलाच नाही.

बाईंनी स्वच्छ सांगितलं, "काका, गेलेली नजर लेझरने परत येत नाही. आहे ती राहावी म्हणून हे." काळोखात आणि कडेचं आणखी थोडं कमीच दिसेल, असंही म्हणाल्या. पण आहे ती राहील, तुळशा! या वयात ही काय लहान गोष्ट आहे? मी तर येताना इस्पितळाच्या पायरीवरच बाईंना वाकून नमस्कार केला. त्या लाजल्या.

एका होडीवर दोन तांडेल नकोत, म्हणून तू सासुरवाडीला गेलास. शहाणपणच केलंस. पण आता इथे एकही नाही. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाईल. आपल्या होडीवरचा महिपत हौसेने म्हणतो, "दादा, मी नेतो." पोर गुणी आहे, पण खाडीच्या तोंडाशी गाळ कुठे सरकतो ते त्याला कळत नाही. होडीत सहा घरांची माणसं असतात रे. मी सुकाणाला उभा राहिलो तर ती नाही म्हणणार नाहीत. त्याचीच मला भीती वाटते.

पोरीला, मंदाला, आणि तुझ्या वहिनीला यातलं काही बोललो नाही. त्यांना वाटतं, तिसऱ्या खेपेनंतर मी पुन्हा सुकाणावर.

तू ये. सुकाण धर. मी पुढे बसेन, डाव्या अंगाला, आणि तू विचारशील तेवढंच बोलेन. तेवढं जमेल मला, शिकेन.

पौर्णिमेपर्यंतच तांडेल असलेला तुझा दादा,
लीलाधर