गावी जायचा रंग

टी. नगर, चेन्नई
ता. ११ एप्रिल २००६, मंगळवार

चि. शशीस,

रवीदादाचा आशीर्वाद. मी इकडं ठीक आहे. तिकडं तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून लिहितो. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा, ती स्वतः लावणार नाही. अप्पांना सांग, दुकानात काम लई आहे म्हणून फोन झाला नाही.

हे पत्र प्रमोदिनीबाईंच्या शिवणक्लासच्या पत्त्यावर टाकतोय. घरी आलं असतं तर अप्पांनी ते कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतलं असतं. तू क्लासातच वाच, मग घरी ने नाहीतर नको नेऊ. माझं अक्षर तुला माहीत आहे. आठवीनंतर हातात पेन धरलं ते फक्त सोन्याच्या पुड्यांवर नावं घालायला.

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. तू विचारलंस, "दादा, हणमंत कसा आहे, तू रोज बघतोस, खरं सांग." सांगतो.

इकडं ऊन फार आहे. अक्षय तृतीया जवळ आली की टी. नगरात पाय ठेवायला जागा नसते. बायका जुनं मोडायला आणतात आणि नवं घेऊन जातात. ते जुनं पोटमाळ्याखालच्या आमच्या गलाईत, म्हणजे सोनं गाळायच्या जागेत, येतं. तुला मी कधी नीट सांगितलं नाही आम्ही काय करतो ते. गावात म्हणतात, रव्या सोन्यात काम करतो. तसं काही नाही. दागिना मुशीत वितळवायचा, मग तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचा. भेसळ विरघळून जाते आणि सोनं तळाला राहतं. तेजाब उकळलं की तांबूस धूर निघतो. पंखा आहे, पण तो धूर आधी आपल्या तोंडावरून जातो, मग पंख्याकडे.

वितळायच्या आधी दागिना हातात घेतला की बाई कुठली ते मला कळतं. नक्षीच्या खाचांत मळ असतो. नुंगंबाक्कमच्या बायकांच्या दागिन्यात मळ थोडा, आणि तापवला की क्रीमचा गोड वास येतो. त्या गाडीतून उतरतात तेव्हा केस सरळ, जणू इस्त्री केलेले, आणि गळ्यात एक बारीक चेन. एवढंच. सगळं घालून येतात त्या बसनं येणाऱ्या. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातल्या माणसांच्या बायकांच्या कुड्यांत लाल लोखंडाची धूळ निघते. आणि साध्या घरातल्या बाईच्या गळ्यातल्यात हळद, साबण, पावडर आणि एखादा केस. तो केस आधी जळतो.

दुकानाच्या पायरीशी धनलक्ष्मी म्हणून एक बाई मोगऱ्याचे गजरे विकते. मला तंबी म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. तिची ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, दोन वर्षांपूर्वी माझ्याच मुशीत वितळलं. आता ती दोऱ्यात हळकुंड बांधून घालते. माझ्यावर रागावली नाही. उलट म्हणाली, "तुझ्या हातून गेलं ते बरं, तंबी. दुसरा घाई करतो."

आमच्या हाताला तेजाब लागतं तिथं कातडी पिवळी पडते. धुवून जात नाही, ते कातडं गळून नवं यावं लागतं. मी पहिल्यांदा आलो तेव्हा वाटलं, लग्नाच्या हळदीसारखं दिसतंय. पोरं पण तेच म्हणून हसायची, नवरदेव आला, नवरदेव आला. आता कुणी म्हणत नाही. आणि केस कापायला जायच्या आधी डोकं शेठच्या टबात धुवावं लागतं. केसांत सोन्याची धूळ असते ना, ती बाहेर जायला नको. मग त्या पाण्यातनं सोनं काढतात. म्हणजे आपल्या डोक्यात सोनं असतं, पण ते डोकं धुतल्यावर कळतं की कुणाचं होतं.

हे सगळं कशाला सांगतोय असं तुला वाटेल.

तू लिहिलंस की हणमंत बघायला आला तेव्हा घरात उजेड पडल्यासारखं झालं. रंग उजळ, बोटं स्वच्छ, अंगाला सेंटचा वास, गळ्यात जाड चेन, दात पांढरे. अन्नपूर्णाबाई आत्या म्हणाल्या, मद्रासचं पाणी मानवलं पोराला. आणि तू लिहिलंस, तीन स्थळांनी सावळी म्हणून नाकारलं, आणि हा एवढा गोरागोमटा पोरगा पहिल्या भेटीत हो म्हणून गेला, मला अजून खरं वाटत नाही.

शशे, तो गोरा नाही. तो माझ्यासारखाच आहे. तुझ्यापेक्षा काळा असेल.

आमच्याकडं रीत आहे. पोरगा सुट्टीवर गावी निघायचा असला की शेठ त्याला तीन आठवडे आधी तेजाबावरून काढतात आणि पुढं काउंटरला बसवतात. तिथं एसी आहे. काचेआड बसायचं, पुड्या घ्यायच्या, पावती द्यायची. तीन आठवड्यांत हाताचं पिवळं कातडं जातं, डोळ्यांची लाली जाते, चेहरा भरतो. शेवटच्या दिवशी नुंगंबाक्कमला सुब्बाच्या सलूनात पाठवतात. सुब्बा तोंडाला कसलंसं पांढरं लावतो, वाफ देतो. आम्हाला बघितलं की विचारतो, "ऊर का?" ऊर म्हणजे गाव. गावी जायचं म्हटलं की तो वेगळी बाटली काढतो. मग शेठ तिजोरीतनं चेन काढून गळ्यात घालतात आणि परत आलं की काढून घेतात.

ती चेन एकच आहे. गावात गेल्या पाच-सहा वर्षांत मद्रासहून आलेल्या आपल्या शेठच्या प्रत्येक पोराच्या गळ्यात ती दिसली असेल. शेठ म्हणतात, आपला माणूस गावात झकास दिसला पाहिजे, म्हणजे चार पोरं आणखी येतात. मी पण तशीच एकाच्या गळ्यात बघितली होती, नववीला जायच्या ऐवजी इकडं आलो तेव्हा.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर एक कर. आपल्या भिंतीवर माझा फोटो आहे, दोन वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हाचा, आई ज्याला रोज पुसते तो. त्यात गळ्याकडं बघ. आकड्याजवळ एक कडी तांबूस आहे, जोडाला डाग देताना मीच चुकलो होतो. आता हणमंतचा जो फोटो तुमच्याकडं दिलाय त्यात बघ. तीच कडी.

त्याचे दात. वरचे पुढचे चार बसवलेले आहेत. तेजाबाच्या धुरानं दात आधी खरखरीत होतात, मग झिजत झिजत जातात. दुखत नाहीत फारसे. तू लिहिलंस ना, पोरगा लाजाळू आहे, तोंडावर हात धरून हसतो, मला ते आवडलं. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. नवे दात हसताना सुटतात म्हणून तो हात धरतो.

आता माणूस म्हणून विचारशील तर तो वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाही. मी तापानं पडलो तेव्हा आठ दिवस माझी भांडी त्यानं घासली, आणि वर म्हणाला, "तू मेलास तर मला दुसऱ्याचं घोरणं ऐकावं लागंल." सकाळी उठला की खोकतो, बराच वेळ. शेठचा सख्खा भाचा आहे. तुला वाटेल, भाचा असून तेजाबावर कसा. तिथंच घरचा माणूस लागतो. सोनं नाहीसं व्हायचं तर तिथं होतं, परक्यावर भरवसा ठेवत नाहीत. म्हणून तो तिथून हलणार नाही. लग्नानंतरही नाही. शेठनी तुम्हाला राहायला खोली देईन म्हटलंय, ते खरं आहे. ती खोली भट्टीच्या बरोबर वर आहे. खिडकी भट्टीच्या बाजूलाच उघडते. काकी, म्हणजे शेठची बायको, लग्न होऊन आल्या तेव्हा त्याच खोलीत होत्या. आता त्यांचा बंगला आहे, पण त्या अजून पदर नाकाला धरूनच बोलतात.

तुला वाटेल, एवढं माहीत होतं तर दादानं स्थळ कशाला आणलं.

दोन दिवस पत्र इथंच थांबवलं होतं. आज गुरुवार. पुढं लिहितो.

स्थळ मीच आणलं. अप्पांना वाटतं शेठनी विचारलं. आधी मी विचारलं. संक्रांतीच्या दरम्यान शेठ म्हणाले होते, काउंटरला कायमचा एक भरवशाचा माणूस पाहिजे, घरचा. मी घरचा नव्हतो. मी त्यांना म्हटलं, माझी बहीण आहे, हणमंतसाठी. ते म्हणाले, दाखव. मग मी हणमंतला तीन आठवडे आपल्या घरच्यासारखं जेवू घातलं. सुब्बाकडं मी घेऊन गेलो. सुब्बानं विचारलं, "लग्नाचं का?" मी हो म्हटलं, त्यानं आणखी एक बाटली काढली. चेन शेठनी माझ्या हातात दिली आणि मी ती त्याच्या गळ्यात घातली. आकडा मी लावला, ती तांबूस कडी मागं मानेवर जाईल अशी फिरवून. फोटोत ती परत पुढं आली, ते मला नंतर दिसलं.

तुमचा होकार आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरला आहे. एसीत. माझी बोटं आता साफ झाली आहेत, परवा नखाजवळचं शेवटचं पिवळं पण गेलं. काल धनलक्ष्मी मला बघून म्हणाली, "वेळ्ळैया आयिट्टे, तंबी." म्हणजे गोरा झालास. मी तिच्याकडनं गजरा घेतला, द्यायला कुणी नव्हतं, तर तो तसाच काउंटरवर ठेवला. सुकला.

मला वाईट वाटतंय का ते मला कळत नाही. वाटायला पाहिजे एवढं कळतं. रात्री झोप लागते. जेवण जातं. हणमंत मागं तेजाबावर असतो आणि मी पुढं, आमच्यामध्ये एक दार आहे, ते धूर येऊ नये म्हणून लावून घेतात. ते लावायचं काम आता माझं आहे.

तुझं पत्र आलं ते त्यानं माझ्या हातात बघितलं. दोन दिवसांनी जेवताना म्हणाला,
"तिला काय कळवलंस?"
"काय न्हाई अजून."
"बरं केलंस."
ताट धुवून आला आणि माझ्यासमोर बसला.
"बरं न्हाई केलंस, रव्या. तिनं हात धरला म्हणजे कुणाचा धरला, ते तिला म्हाईत पाहिजे."
"मग तू सांग."
"मला तिच्यासमोर बोलायला येत न्हाई. दात पडतील."
त्याला हसू आलं आणि सवयीनं हात वर गेला. मग त्यानं हात खाली घेतला आणि तसाच हसला.

रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडं गेलो. कामाचा बनियन, चेन नाही, बसवलेले दात खिशात. फोटोवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर तोंड जरा उजळ करून देतो, सगळेच घेतात. हणमंत म्हणाला, "नको. आहे तसा." पाकिटात तो फोटो आहे. हात पण दिसतील असे धरलेत त्यानं, ते त्याचं त्यालाच सुचलं. मी सांगितलं नव्हतं.

अक्षय तृतीयेला सुपारी फुटायची आहे. त्याच्या आधी तू ठरव. अप्पा काय म्हणतील, आत्या काय म्हणतील, ते माझ्यावर सोड. नको असेल तर पोस्टकार्डावर "नको" एवढंच लिही, मी शेठला सांगेन. मी परत तेजाबावर जाईन, ते माझ्या सवयीचं आहे, त्याचा विचार करू नको. खरंच करू नको. आणि हो म्हणालीस तर या फोटोतल्याला म्हण. चेनवाल्याला म्हणू नको, तो इथं कुणी नाही. आणि मग खोलीचं मी शेठशी बोलेन, दुसरीकडं कुठंतरी, भट्टीपासून लांब. ते ऐकतील का माहीत नाही.

एक राहिलं. मी फोन करत नाही तो कामामुळं नाही. मागच्या फोनला तू म्हणालीस, दादा, तोंडात काय ठेवून बोलतोस. मी म्हटलं, सुपारी. सुपारी नव्हती. माझे पुढचे दोन गेलेत, गेल्या पावसाळ्यात. बसवायचे राहिलेत, कारण मी गावी यायचा राहिलोय. यायचं ठरलं असतं तर शेठनी बसवून दिले असते.

लग्न झालं काय, न झालं काय, मी यंदा येणार आहे. सुब्बाकडं न जाता. घरात आल्यावर हसलो नाही तर रागावलोय असं समजू नको. आईला आधी तू सांगून ठेव, मला दारात उभं राहून सांगता येणार नाही.

भिंतीवरचा फोटो मात्र काढू नको. आईला तो पुसायची सवय आहे.

तुझा भाऊ,
ज्यानं ती चेन आधी घातली आणि मग दुसऱ्याला घातली,
रविकांत