पाचव्या गाण्यानंतर

३ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. म्हणून पत्र लिहितोय. न वाचता ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

आपल्या त्या बँडचं काम आमच्या स्टुडिओत आलंय. ते आता थांबणार आहेत. बारा एप्रिलला शेवटचा कार्यक्रम आहे, आणि त्यानंतर जुन्या मैफलींतली गाणी निवडून एक संग्रह काढायचाय. जुन्या टेपा साफ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खोकी उघडली आणि वरच्या तारखा वाचून मी खालीच बसलो.

पहिली फुटबॉलच्या मैदानावरची. गिटारवाल्याच्या दोन तारा तुटल्या आणि पठ्ठ्याने उरलेल्या चारांवर गाणं संपवलं. तुझी एक चप्पल गेली, आपल्या मधल्याने, भोंग्याने, तुला पाठुंगळी घेतलं आणि शंभर पावलांवर उतरवून म्हणाला की तुझ्यापेक्षा त्यांचा स्पीकर हलका असेल. दुसरी बंद हॉलमधली. वीज गेली आणि अख्ख्या हॉलने अंधारात, बिनमाईकचं, नुसत्या ड्रमवर एक पूर्ण गाणं म्हटलं. एवढे कार्यक्रम ऐकले, पण तसा काटा पुन्हा अंगावर आला नाही.

तिसरी मी पाहिलेली नाही. माझी परीक्षा होती. तुम्ही दोघं गेलात आणि तू एकटी परत आलीस.

आता मुद्द्याचं. गर्दीचा आवाज घ्यायला ते लोक साउंडवाल्यांच्या चौथऱ्यावर दोन वेगळे माईक लावत. चौथऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे हरवलो तर भेटायची आपल्या तिघांची जी जागा, तिथेच. तिसऱ्या मैफलीच्या टेपवर आपला भोंग्या गातोय. अगदी माईकला चिकटून. आपल्या गाण्याच्या ध्रुवपदात सगळं मैदान ‘किनारा’ म्हणतंय आणि हा एकटा, अर्धी मात्रा मागे, ‘पसारा’. कितीदा सुधारलं होतंस तू त्याला. एकोणीस वर्षांनी त्याचा आवाज ऐकला आणि हेडफोन काढून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

एकच गोष्ट जुळत नाही. पाचव्या गाण्यानंतर तो पाणी आणायला गेला तो आलाच नाही, असं तू पोलिसांना सांगितलं होतंस. टेपवर त्याचा आवाज अकराव्या, शेवटच्या गाण्यापर्यंत आहे. तुझी काही चूक होतेय का, ते आठवून कळव.

बायकोला नववा लागलाय. ती आणि तिचं पोट दोघंही माझ्यावर रागावलेले असतात. आईला साष्टांग नमस्कार.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

नवव्या महिन्यातल्या बाईला रागावायचा हक्क आहे, तू पाय दाबून दे आणि गप्प राहा. आई ठीक आहे. नवा चष्मा मी स्वतः करून दिला तरी तिला जुन्यातूनच स्पष्ट दिसतं.

माझी चूक होत नाहीये. पाचव्या गाण्याच्या शेवटी ड्रमवाल्याने एकट्याने वाजवायला घेतलं, तेव्हा माझ्या हातातल्या दोन्ही बाटल्या घेऊन तो गेला. मी त्या कोपऱ्यातून हलले नाही. लोक गेले, मग दिवे उतरवले, मग खांब उतरवले, तरी मी तिथेच होते. माझ्या जवळपास कोणी ‘पसारा’ म्हटलं असतं तर मला ऐकू आलं नसतं का? ती टेप मला पाठवू नकोस.

पण तू विचारलंस म्हणून आजवर न सांगितलेलं सांगते. त्यानंतर तो बँड दोनदा आला. तेरा वर्षांपूर्वी आणि सहा वर्षांपूर्वी. दोन्ही वेळा दुकानाच्या कामाने बाहेर जातेय असं आईला खोटं सांगून मी गेले. त्याच कोपऱ्यात उभी राहिले. कुठे असेल तर तो तिथेच येईल, एवढाच विचार होता.

पहिल्या वेळी ध्रुवपद आलं आणि माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, कोणीतरी ‘पसारा’ म्हटलं. सहा वर्षांपूर्वी पुन्हा तेच. तेव्हा कार्यक्रम संपल्यावरही तो गेला नाही. गर्दी विरळ झाली, मागे बुटांखाली खडी वाजत होती. मी मनात शंभर आकडे मोजले आणि मग तिथे कोणी नव्हतं.

मी वळले नाही. दोन्ही वेळा नाही. दिवसभर लोकांना वरची ओळ वाचा, खालची वाचा म्हणणारी बाई मी, पण मान वळवायची माझी हिंमत झाली नाही. वळून पाहिलं आणि तिथे भलताच कोणी असता, किंवा कोणीच नसतं, तर? न पाहता निदान तो तिथे होता.

मला वेड लागलंय असं वाटलं तर वाटू दे. आईजवळ बोलू नकोस.

तुझी काळजी करण्यात माझा वेळ बरा जातो, तेवढी सवड देत जा.
ताई


२१ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला वेड लागलेलं नाही. त्या दोन्ही मैफलींच्या टेपा खोक्यात होत्या, मी काढून ऐकल्या. उजव्या कोपऱ्याच्या माईकवर ‘पसारा’ आहे, दोन्हीत.

स्टुडिओत मी एकटा होतो. दुपारचे तीन वाजले होते, तरी उठून सगळे दिवे लावून आलो. तेच ध्रुवपद मी वीस-पंचवीस वेळा मागेपुढे केलं असेल. तेरा वर्षांपूर्वीचा आवाज जाड झालाय. सहा वर्षांपूर्वीचा त्याहून जाड, आणि दोन ओळींच्या मध्ये तो खोकतो. आवाज म्हातारा होत चाललाय, ताई. मेलेल्या माणसाला खोकला होत नाही.

भोंग्या जिवंत आहे. तो आपल्याला सोडून गेला आणि दर कार्यक्रमाला येऊन तुझ्या पाठीशी उभा राहतो. दोन रात्री मला नुसता आनंद झाला होता आणि तिसऱ्या दिवसापासून संताप येतोय. बाबा गेले तेव्हा हा कुठे होता? आई दारावर थाप पडली की अजून आधी हातातलं खाली ठेवते, मग उठते. त्याला हे कोणीतरी सांगायला हवं.

बारा तारखेला तू जा. मी आलो असतो, पण डॉक्टरांनी त्याच आठवड्यातली तारीख दिलीय. त्याच कोपऱ्यात उभी राहा, आणि या वेळी वळ. यानंतर तो बँड नाही, त्यामुळे तो कोपराही नाही.

आईच्या पायावर डोकं. रागावली असलीस तरी उत्तर लिही.
धाकटा


१६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मुलीची बातमी कळली. आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालंय, आता ती रस्त्यावरच्यांना थांबवतेय. बाळाचे कान तुझ्यावर न जावोत, झोपेल तरी सुखाने. तुझ्या घरच्या आनंदात हे पत्र येतंय याचं वाईट वाटतं, पण उशीर करण्यासारखं ते नाही.

मी गेले. फाटकातून आत शिरेपर्यंत माझं ठरलं होतं की वळायचं नाही. गाणारा आता स्टुलावर बसून गातो. वरचे सूर तो लोकांवर सोडून देतो आणि लोक ते सांभाळून घेतात. आठवं गाणं आपलं होतं. ध्रुवपदाला माझ्या मागे ‘पसारा’ ऐकू आलं आणि माझ्या आधी माझी मान वळली.

तो भोंग्या नव्हता.

चाळिशीचा एक माणूस. पिकलेली दाढी, हातांवर भाजल्याचे जुने डाग. नंतर कळलं की तो वेल्डर आहे. त्याने गाणं तिथेच तोडलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू पकडला गेला आणि सुटलाही. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला की तुमच्या भावाचं सांगायचंय.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. आत गाणी चालू होती. त्या तिसऱ्या मैफलीत तो भोंग्याच्या शेजारी उभा होता. त्याचं ‘पसारा’ ऐकून हसला, आणि मग दोघं मिळून मुद्दाम तसंच म्हणायला लागले. मला तर हे कळलंही नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी मोठी रांग होती, म्हणून दोघं मैदानामागच्या दगडाच्या खाणीत उतरले. तिथे पाणी साचलेलं होतं. भोंग्या त्याला म्हणाला होता की लवकर चल, ताई ओरडेल. शेवाळलेल्या दगडावर बाटली भरायला वाकला आणि घसरून पाण्यात गेला. ओरडलाही नाही. वेल्डरला पोहता येत नव्हतं. वर ड्रम वाजत होते, त्याच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. मग तो पळाला. आपणच ढकललं असं लोक म्हणतील, या भीतीने घरी जाऊन पांघरूण घेऊन पडला. तुला आठवत असेल, फाटकावरच्या माणसाने त्याच वेळी एक मुलगा बसकडे जाताना पाहिल्याचं सांगितलं होतं. तो हा मुलगा होता. त्या एका वाक्यावर पोलिसांनी सगळी शोधाशोध रस्त्याने केली आणि पाण्याकडे कोणी फिरकलंच नाही.

त्या वेळी पेपरात माझा फोटो आला होता, त्यावरून त्याने मला ओळखलं. दोन्ही वेळा सांगायलाच आला होता. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून तो शब्द गायचा. मी वळले की सांगावंच लागेल, असं त्याने ठरवलेलं. मी वळत नव्हते, तर त्याला वाटलं की मला सगळं ठाऊक आहे आणि मी त्याला तोंड दाखवू देत नाहीये.

मी त्याला मारलं नाही, रडलेही नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे यायला सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो वेळेआधी येऊन उभा होता. सोमवारी खाणीत पाणबुडे उतरवणार आहेत. आईला मी सांगितलं. तिने एवढंच विचारलं की पाणी किती खोल आहे.

तू ये. बाळ-बाळंतिणीला जपून, पण ये.
ताई


४ मे

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. बाळाने मला ओळखलं नाही आणि बाळाच्या आईने ओळख दाखवली नाही. दोघींची समजूत घालतोय.

तिसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी त्याला तळातल्या कपारीतून वर आणलं, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या ओठावर आहे. खाणीच्या काठावर आपण उभे होतो तेव्हाही सांगणार होतो, पण मध्ये आई होती. आणि तू वेल्डरला पाण्याचा पेला नेऊन दिलास.

पहिल्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. इथे आल्या आल्या ती तिसरी टेप पुन्हा लावली, हातात घड्याळ घेऊन. पाचव्या गाण्याचे ड्रम एकतिसाव्या मिनिटाला संपतात. वेल्डरच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा सगळं संपलं होतं, आणि सहावं गाणं संपायच्या आत तो स्वतः फाटकाबाहेर पडला होता. सहाव्या गाण्यात भोंग्याचा आवाज नाही. सातव्यात नाही. आठव्यापासून आहे, शेवटपर्यंत, आणि अकराव्यात ‘किनारा’ पुन्हा घेतात तिथे ‘पसारा’ही. तो वेल्डरचा आवाज नाही. त्याचे दोन्ही आवाज मला आता पाठ आहेत. हा कोवळा आहे, खोकला नसलेला, अर्धी मात्रा मागे असलेला. तू तिथे दोन हातांवर उभी होतीस आणि तुला काही ऐकू आलं नाही.

अकरावं गाणं संपतं. टाळ्या होतात, लोक पांगतात. साउंडवाल्यांनी तो माईक बंद करायला उशीर केलाय. बराच वेळ नुसती खडी वाजते. मग अगदी जवळून, जरासा धापा टाकत, तो म्हणतो, ताई, पाणी आणलंय.

त्यानंतर थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने, तू ऐकलं नाहीस असं वाटून म्हटल्यासारखं. मग माईक बंद होतो.

स्टुडिओच्या मालकांनी काल विचारलं की संग्रहात तो आवाज पुसायचा का. गाण्यातला राहू द्या म्हणालो. शेवटचं त्यांना ऐकवलंच नाही, तेवढी टेप मी घरी आणून ठेवलीय. तू ती पाठवू नकोस म्हणाली होतीस, म्हणून पाठवत नाही. पण माझ्याच्याने ती एकट्याने पुन्हा लावणं होणार नाही. जमलं तर ये. तू नुसती शेजारी बस, आणि या वेळी त्याला ओ दे.

आईला नमस्कार. आपण दोघं उरलोय, तेव्हा लोभात कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा