आज दिवा तुम्ही लावा

बडोदे (हरणी)
मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मोहनाताई यांस,
शरच्चंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुण्यास सुखरूप असाल, यजमानांच्या गुडघ्यास उतार पडला असेल, असे धरून चालतो. येथे आम्ही बापलेकी कुशल आहोत, असे लिहिण्याचा प्रघात आहे. आज तो पाळता येत नाही. फोन करण्याचे मनात आणले होते. परंतु तुमचा आवाज तुमच्या धाकट्या बहिणीसारखाच, माझ्या निरुपमेसारखाच आहे, आणि ‘शरदराव, बोला’ एवढे ऐकताच माझी वाचा बसते. म्हणून पत्र.

विषय ईशानीचा आहे.

तिची पाच हजार मीटरची शर्यत तुम्हांस ठाऊक आहेच. येत्या रविवारी राज्याच्या संघासाठी निवड आहे. निरुपमा गेल्यापासून तिने आहार बदलला. प्रथम साखर गेली, मग तूप, मग भात, शेवटी पोळीही. आता उकडलेले मूग, काकडी आणि पातळ ताक. शेजारच्या इंदिराबाई जिन्यात म्हणाल्या, “ईशानी, तू येतेयस की नुसते तुझे कपडेच येतायत गं?” सगळे हसले, तीही हसली. मी काही बोललो नाही, कारण तिची वेळ सुधारत होती. तिचे प्रशिक्षक प्रतापसिंह मला म्हणाले, “काका, छोकरी हलकी थई ने, एटले उडे छे!” पोर हलकी झाली म्हणून उडते, हे ऐकून, खरे सांगतो, मी सुखावलो.

एकदा न विचारता मी तिच्या वरणावर तूप वाढले. तिने ताट सरकवले आणि शांतपणे म्हणाली, “आईलाही असंच प्रेमानं वाढायचात, बाबा.”

निरुपमेचा मधुमेह, नंतर तिचे हृदय, ते इस्पितळ, हे सर्व तुम्ही पाहिले आहे. त्या वाक्यानंतर मी ईशानीच्या ताटाकडे पाहणे सोडून दिले.

संक्रांतीनंतर तिची वेळ मागे पडू लागली. नडगी दुखू लागली. केस गळतात. भर दुपारी स्वेटर घालून बसते. गेल्या आठवड्यात तिला अलकापुरीतील डॉक्टरांकडे नेले. त्यांनी माझ्यासमोरच तिला एक प्रश्न विचारला. “हो, नियमित आहे,” असे तिने उत्तर दिले.

“मग ठीक,” डॉक्टर म्हणाले. “थोडे दिवस पाय जपा. ती थांबली असती, तर म्हटलं असतं की शरीर उपाशी आहे. त्यात हाडं ठिसूळ होतात, हृदयावरही परिणाम होतो.”

मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिचे उत्तर खोटे आहे, हे मला त्या क्षणी कळले होते.

कसे कळले, ते लिहिणे मला अवघड जाते. निरुपमेची रीत तुम्ही जाणता. त्या दिवसांत ती देवापाशी जात नसे. ईशानी यावरून तिच्याशी कडाडून भांडत असे, आणि आई गेल्यावर नेमकी तीच रीत तिने काटेकोरपणे उचलली. संध्याकाळचा दिवा तीच लावते. फक्त महिन्यातून एकदा स्वयंपाकघराच्या दारातून सांगायची, “बाबा, आज दिवा तुम्ही लावा.” मी लावत असे. याहून अधिक आमच्यात कधी बोलले गेले नाही.

दिवाळीपासून ते वाक्य मी ऐकलेले नाही. मुलगी एकही संध्याकाळ चुकवत नाही, असे कौतुक मी इंदिराबाईंजवळ केले होते. डॉक्टरांच्या खोलीत त्या कौतुकाचा अर्थ उमगला. तरीही मी बोललो नाही. मोहनाताई, निरुपमेच्या वेळी मला आधी काही कळले नव्हते. या वेळी कळले आहे.

पत्र येथवर लिहून उठलो होतो. आता पुन्हा बसलो आहे. अक्षर बिघडले आहे, क्षमा असावी.

ती सरावाला निघण्यासाठी बूट घालीत होती. मी दारात उभा राहून विचारले, “ईशानी, तुझी पाळी बंद झालीय ना?” हा शब्द मी आयुष्यात मोठ्याने उच्चारला नव्हता.

ती आधी हसली. “बाबा! तुम्ही?” मग बुटाची लेस हातात धरून तशीच बसून राहिली.

“डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी धावणं थांबवलं असतं. आणि मला बरंच वाटत होतं हो, कटकट गेली म्हणून.” मग लेस सोडत म्हणाली, “आईला सांगितलं असतं मी.”

मी तिच्यादेखत डॉक्टरांना फोन केला. धावणे आजपासून बंद. उद्या रक्ताची आणि हाडांची तपासणी. “रविवारी मी धावणार. कुलूप लावलंत तरी,” असे म्हणून तिने खोलीचे दार आपटले. मी सारखा जाऊन टकटक करतो. “आहे मी, बाबा!” असे ती आतून चिडून ओरडते, आणि पुढच्या टकटकीपर्यंत मला ते पुरते.

हे पत्र इंदिराबाईंकरवी कुरिअरने धाडतो आहे; रविवारच्या आत येता येईल का? तिला अडवणे माझ्याने होईल. जेवू घालणे होणार नाही. माझ्या वाढण्याची तिला भीती वाटते, आणि आता मलाही वाटते.

स्टेशनवर घ्यायला येऊ शकणार नाही. तिला एकटी सोडून घराबाहेर पडवत नाही. रिक्षाने यावे.

आपला,
शरच्चंद्र
आणि, तिने सांगितले नसले तरी, ईशानी