शिट्टी मारली ती रीळ अडकलं म्हणून

मारली गो ताई, शिट्टी मारली, नाही कोण म्हणतो? पण पोरीला मारली नाही. हे मी तुला फोनवर दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तू "म्हणजे सुप्रभाबाई काय खोटं बोलतात?" म्हणून फोन आपटलास. कार्ड माझं संपलं. म्हणून आता कागदावर सांगतो, कागद काही मध्येच आपटता येत नाही. (फाडता येतो. पण तू फाडणार नाहीस, कारण पैशांचं काय ते शेवटी लिहिलंय.)

रागाच्या भरात नमस्कार राहिला. तर तीर्थरूप आशाताईस धाकट्या ज्ञानूचा वाकून नमस्कार. हरीशभावोजींचा दमा कसा आहे? म्हैस व्याली का, रेडा झाला की रेडी, तेही कळव. मी इथे हाउन्सलोला खुशाल आहे. विमान डोक्यावरून गेलं की कपातला चहा हलतो, तेवढंच. काम तेच, विमानातल्या ब्लँकेटांच्या घड्या. लोक सात समुद्र ओलांडून येतात आणि नाक पुसायला ब्लँकेट वापरतात. लाँड्रीत सगळे मला अजून पोर्तुगीज समजतात. समजणारच, आजोबांच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढला तो पोर्तुगालचा. आता पाव सोडून त्या भाषेतला एक शब्द मला येत नाही, हे मी कुणाला सांगत बसत नाही.

तर सुरुवात तुझ्यापासून झाली. तूच कळवलंस की रायबंदरच्या सुप्रभाबाईंचा भाचा परीक्षित तिकडे मेडनहेडला कॉम्प्युटरात मोठा साहेब आहे, ओळख ठेव, मोठ्या माणसाची ओळख कामाला येते. आणि वर त्याच्याच हाती माझ्यासाठी मिस्कुटाची, तुझ्या हातच्या कैरीच्या लोणच्याची, बरणी धाडलीस. त्या बरणीने घात केला. तो बरणी घेऊन आला तेव्हा मी कामावर होतो, आणि दार उघडलं मिरेलाने. मिरेला म्हणजे आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते ती रोमानियाची मुलगी. घरं झाडायला जाते, स्वयंपाकघर आमचं एक. (स्वयंपाकघरच फक्त. सुप्रभाबाईंना हेही सांग.) वर्षभर मी त्या मुलीला पेज खायला शिकवली, सोलकढी प्यायला शिकवली, नळ गळतो तो दुरुस्त करून दिला. आणि हा मेडनहेडचा राजा गळ्यात मफलर अडकवून दारात उभा राहतो काय, "तुम्ही रोमानियाच्या? तुमचे सिनेमे म्हणजे काय हो!" म्हणतो काय, आणि माझं मिस्कुट तिथल्या तिथे उघडून दोघं पावाला लावून खातात काय. मी आलो तेव्हा अर्धी बरणी होती. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. बरणीबद्दलसुद्धा नाही.

मला ठाऊक नव्हतं, पण रोमानियाच्या सिनेमांना म्हणे हल्ली मोठमोठी बक्षिसं मिळतात. परीक्षितने ते सगळे पाहिलेत. लंडनला एका हॉलात आठवडाभर तेच सिनेमे होते, आणि त्याने दोन तिकिटं काढली. दोन. मी त्याच्यासमोर तिसरं काढलं, माझ्या पैशाने, आणि मधल्या खुर्चीत बसायला निघालो. पण तो इतका शिकलेला की "प्लीज, आफ्टर यू" म्हणत म्हणत त्याने मला कोपऱ्यात ढकललं आणि मधे मिरेला बसली, म्हणजे त्याच्याही शेजारी. ह्यालाच उच्च शिक्षण म्हणतात.

सिनेमा सांगतो. एक पोरगी आहे, सोळाएक वर्षांची. उंच सिमेंटच्या इमारतीत राहते, लिफ्ट बंद. बाप बनियनवर बसून सूप ओरपतो, आई उभ्याने कांदा चिरते आणि कुणीही कुणाशी धड बोलत नाही. गाणं नाही. गाण्याचं सोड, मागे पेटीचा एक सूरसुद्धा नाही. कॅमेरा त्या पोरीच्या मानेमागे बांडगुळासारखा चिकटलेला, ती जाईल तिकडे जातो. ती शाळेला म्हणून निघते आणि शाळेत जातच नाही, ट्राममध्ये चढते, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते, उतरत नाही, तशीच परत येते. रोज. मग एक दिवस कुणीतरी बघतो, घरी सांगतो, आणि सगळे मिळून तिच्यावर तुटून पडतात. मुलगा कोण? बाप विचारतो, हेडमास्तरीण विचारते, शेजारीण विचारते, कुठल्याशा डॉक्टरणीकडेही नेतात (ते मी तुला लिहीत नाही). पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्राममध्ये.

खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पण मी पहिला शब्द लावेपर्यंत ती पळायची. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने कुठवर धावायचं? आधी मिरेला कानात सांगत होती. तो अर्धा तास छान गेला, एवढंच लिहितो. मग ती झोपली. दिवसभर चार घरं झाडून आलेली मुलगी, झोपणारच. पण ताई, खांदे दोन होते. एक माझा, ब्लँकेटं उचलून तयार झालेला, आणि एक त्याचा, कोटाचा. ती त्याच्या खांद्यावर झोपली.

आता माझं लक्ष सिनेमात राहील का? मी खांद्याकडे बघत होतो. मधेच पडद्याकडे पाहिलं, तर पोरगी ट्राममध्ये बसलेली. पुन्हा खांद्याकडे पाहिलं, परीक्षित इतका हळू श्वास घेत होता की जणू त्याच्यावर फुलपाखरू बसलंय. पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर पोरगी तशीच, मान तशीच, डोळे तसेच. आवाज नाही, हालचाल नाही. मला वाटलं, रीळ अडकलं. आणि रीळ अडकलं की काय करायचं हे चोडणच्या जत्रेत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. देवळापुढच्या पडद्यावर नायिका अर्धवट रडताना अडकली की अख्खी जत्रा शिट्ट्या मारायची, तेव्हा कुठे तो मशीनवाला विडी टाकून धावायचा. मी दोन बोटं तोंडात घातली आणि मारली.

तसा हॉल मोठा नव्हता. पण शिट्टी आपली नदीतली फेरीबोट थांबवणारी, ह्या तीरावरून त्या तीरावर ऐकू जाणारी. एका म्हाताऱ्या मडमेच्या हातातला डबा पडून गोळ्या घरंगळत पार पडद्यापर्यंत गेल्या. दिवे लागले. आणि त्याच क्षणी, माझं नशीब बघ, पडद्यावरच्या त्या पोरीने डोळ्यांची उघडझाप केली. रीळ अडकलं नव्हतं. ती नुसती बसली होती. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. परीक्षित माझ्याकडे असा बघायला लागला की जणू आमची ओळख फक्त लोणच्यापुरती आहे. मिरेला मात्र दचकून उठली आणि कारण कळल्यावर इतकी हसली की तिला उचकी लागली.

हे एवढंच. ह्याचं मेडनहेडहून रायबंदरला पोचेपर्यंत "तुमचा ज्ञानू थिएटरात पोरींना शिट्ट्या मारतो" झालं, आणि तू विश्वास ठेवलास. ज्या बहिणीने मला शिट्टी मारायला शिकवली तिने! विसरलीस? धक्क्यावरून फेरी सुटली की परकराचा ओचा खोचून, दोन बोटं तोंडात घालून तू ती परत बोलवायचीस. तेव्हा तुझ्या लेकीएवढी, मालूएवढीच होतीस. कुणी आजीला सांगितलं नाही की तुमची आशा फेरीवाल्याला शिट्ट्या मारते.

दिवे गेल्यावर उठून जायची लाज वाटली म्हणून मी राहिलेला सिनेमा नीट पाहिला. आणि खरं सांगू, मला त्या पोरीचा हेवा वाटला. परीक्षितचा वाटतो तो वेगळा, तो पोटात असतो, हा जरा वर. दोन तास शे-दीडशे माणसं पैसे देऊन तिच्याकडे नुसती बघत होती. माझ्याकडे असं दोन मिनिटं कुणी बघितल्याचं आठवत नाही. शिट्टी मारली तेव्हाची सोडून.

शेवट नाहीच. ती ट्राममध्ये बसते आणि नावं येतात. लोक उठले म्हणून मला कळलं. बाहेर परीक्षित कॉफी पीत "रॉ आहे, ऑनेस्ट आहे" करत होता. मिरेला म्हणाली, ही हुबेहूब आमचीच इमारत, लिफ्टसकट, मी तिथून बाहेर पडायला पैसे भरले, आता बघायला कशाला भरू? त्याने ह्यावरही मान डोलवली. मग आम्हाला गाडीने घरी सोडलं. मी मागे, तांदळाच्या पोत्यासारखा. ती पुढे.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी मिरेलाला विचारलं, ती पोरगी ट्राममध्ये का बसते गो? ती कांदा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "कारण ट्राममध्ये तुला कुणी काही विचारत नाही."

आता तुझ्या पत्राचं. फेरीवरच्या मिलिंदने येऊन सांगितलं की मालविका कॉलेजला म्हणून निघते आणि रायबंदरला उतरतच नाही, त्याच फेरीने परत येते, पुन्हा जाते. तुम्ही दोघांनी लगेच ठरवलं, मुलगा आहे. कॉलेज बंद. आणि मला लिहिलंस की पुढच्या वर्षाची फी पाठवू नको, उलट मामा म्हणून चार कडक शब्द लिही. ताई, माझ्या शिट्टीमागे पोरगी नव्हती, तसा तिच्या फेरीमागे पोरगा नाही. तिला कुणी विचारलं का, फेरीतून काय दिसतं? विचारून बघ. खारफुटी दिसते, बगळे दिसतात, पणजीकडचे डोंगर दिसतात. चार घटका कुणी काही विचारत नाही. मला ती अकरावीत आहे ह्याचासुद्धा हेवा वाटतो, हे लपवत नाही. पण हेवा करायला तरी ती शिकत राहायला हवी ना!

कडक शब्द लिहायला बसलो होतो. ते सगळे वर तुलाच लागले. भावोजींना नमस्कार, मालूला गोड पापा (मोठी झाली असली तरी).

तुझा,
ज्ञानू

ता. क. मिरेला आता शिट्टी शिकते आहे. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत दोन बोटं तोंडात घालते, नुसता वारा येतो. परीक्षितला जमत नाही, मी विचारून घेतलं. मीही शिकवायची घाई करत नाही.

ता. क. दुसरा. आधी वाटलं हे लिहू नये, पण पाकीट अजून चिकटवलेलं नाही. रीळ अडकलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. ट्रामच्या खिडकीबाहेर झाडं पळत होती, मला दिसत होती. शिट्टी मारली ती मिरेलाचं डोकं त्या कोटाच्या खांद्यावरून उठावं म्हणून. उठलं. म्हणजे माझ्या शिट्टीमागे पोरगी होती. तेव्हा मालूच्या फेरीमागेही पोरगा असेल कदाचित, मी आता शपथेवर नाही म्हणत. असला तर असू दे. मी शिट्टी मारली म्हणून लाँड्रीने मला काढलं नाही, मग ती फेरीत बसली म्हणून तुम्ही तिला कॉलेजातून का काढता? तिला घरी बसवलंत तर ती फेरीही जाईल, मग बसणार कुठे?

ता. क. तिसरा. पैसे ह्या वेळी भावोजींच्या नावावर नाहीत, मालविकाच्या नावावर आहेत, तिलाच सही करायला पणजीला पाठव. पाठवताना सोबत कुणी जायचं नाही आणि येताना उशीर झाला तर कुणी विचारायचं नाही. वर्षाची फी आणि वर थोडे, मिळून एकशे दहा पौंड.