शून्य तुपाचा पास्ता

६ जानेवारी २०२५, सोमवार. देवास.
देवश्रीचा पुण्याहून फोन. अठरा तारखेला येतेय, तीन दिवस राहणार. पोरगी चार महिन्यांनी घरी येतेय! बोलली आईशीच. मी बाजूलाच उभा होतो, पण फोन माझ्यापर्यंत आला नाही. घाईत असेल.

या वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून लिहून टाकतो. देवश्री व्हेगन झालीय. दूध, दही, तूप काही चालत नाही. गणपतीत आली तेव्हा मी तिच्या वरणात गुपचूप तूप घातलं. तिने वाटी संपवल्यावर मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की वरणात तूप होतं, बघा, काही झालं का हिला? माझे थोरले भाऊ, धारचे अण्णा, टाळी देऊन हसले. ती उठली, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून गेली. दिवाळीलाही आली नाही.

एकच चमचा होता. छोटा.

७ जानेवारी
निर्णय झाला. तिच्यासाठी मी स्वतः पास्ता करणार. पोटभरीचा, चविष्ट, आणि जनावराचा अंशही नसलेला. बायकोला, चारुलताला, सांगितलं. ती म्हणाली आधी माफी मागा, मग पास्त्याचं बघू. हिला प्रोसेस कळत नाही. पास्ता हीच माफी. तोंडाने मागितली की बाप उगाच लहान होतो.

शिवाय मी क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढलीत. रिटायर झालो म्हणून नजर रिटायर होत नाही.

९ जानेवारी
एम. जी. रोडवर पास्ता घेतला. दुकानदार म्हणाला, भिया, चीज़ भी ले जाओ, बिना चीज़ के पास्ता कौन खाता है. त्याला दहा मिनिटं समजावलं. शेवटी त्याने मान डोलावली, म्हणाला, ठीक है भिया, बीमारी में परहेज़ तो करना ही पड़ता है. मी हो म्हटलं. मागे लाइन लागली होती.

म्हणजे चांगल्या पोरीला बीमार ठरवून आलो. रस्ताभर वाईट वाटलं. पास्ता मात्र उत्तम मिळाला.

११ जानेवारी. ट्रायल नंबर एक.
कुकर, तीन शिट्ट्या. पाकिटावर उघड्या पातेल्यात दहा मिनिटं असं छापलंय, पण ते तिकडच्या पाण्याचं गणित असणार. झाकण काढलं तर शिरा. डाव मधोमध उभा राहिला. कोपऱ्यावरच्या गाईला नेऊन घातला. तिने हुंगला आणि पुढे गेली. आजकाल गाईसुद्धा लाडावल्यात.

१३ जानेवारी. ट्रायल नंबर दोन.
उघडं पातेलं. लाल भोपळा, टोमॅटो, पालक, काबुली चणे, भिजवलेल्या काजूची पेस्ट. शिजला मोकळा! चव जरा फिकी वाटली म्हणून पोह्यांवर घालतो तो मसाला, जिरावण, भुरभुरलं, वरून मूठभर सेव. चारुलता म्हणाली, अहो, हे पोहे झाले. खाल्ले मात्र दोन प्लेटी.

लसूण घाला म्हणाली. नाही म्हटलं. नैवेद्य दाखवायचाय. आमच्याकडे वडिलांपासून देवाला दाखवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. पास्ता आहे म्हणून रीत मोडणार नाही.

१६ जानेवारी
चेकलिस्ट तयार. चौदा मुद्दे. दूध शून्य, दही शून्य, लोणी, चीज, मध शून्य. तूप शून्य, खाली दोन रेघा. पातेलं नवं. चमचे उकळून. फ्रिजवर चिकटवली, खाली सही ठोकली. चारुलताने सावकाश वाचली आणि विचारलं, यात सॉरी कितव्या नंबरवर आहे. टोमणे मारायची सवय आहे तिला.

ती भाजीला गेल्यावर आरशासमोर सॉरी म्हणून पाहिलं. पहिल्या अक्षरावरच थांबून मफलर शोधायला गेलो. थंडी फार पडलीय.

१८ जानेवारी, शनिवार, दुपारी ४
आली. वाळलीय. मला वाकून नमस्कार केला आणि पटकन आईकडे वळली. मग फ्रिजपाशी थांबली. चौदाही मुद्दे वाचले. सहीवर बोट फिरवलं, माझ्याकडे बघून हसली. गणपतीनंतर पहिल्यांदा. मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

सायं. ६.३०
पास्ता तयार. फर्स्ट क्लास! आता नैवेद्य, मग पानं.

रात्री ८.१५
क्रमाने लिहितो. छोट्या ताटलीत पास्ता काढला. देवासमोर ठेवून पाणी फिरवलं, डोळे मिटले. उठून ताटली नेहमीप्रमाणे पातेल्यात परत मिसळली, म्हणजे सगळ्यांना प्रसाद होतो. ढवळताना बोटं ओशट लागली. देव्हाऱ्याकडे पाहिलं. तुपाची वाटी उघडी होती.

नैवेद्यावर तुपाचा थेंब सोडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही. मुंजीपासून हाताला पाठ आहे. हाताने मला विचारलंच नाही.

सांगायला वळलो तर देवश्री स्वयंपाकघराच्या दारात ताटं घेऊन उभी. तिनेच विचारलं, की बाबा, सगळं चेकलिस्टप्रमाणे आहे ना?

मी म्हटलं, सही बघ.

तिने फ्रिजवरच्या सहीकडे एकदा पाहिलं. मग बसली, जेवली. ताट स्वच्छ केलं, एक चणासुद्धा ठेवला नाही. म्हणजे आवडला. मी ॲसिडिटी सांगून जेवलो नाही.

१९ जानेवारी
हिशेब केला. एक थेंब, पातेल्यात तीन किलो माल. कारखान्यात याला टॉलरन्स म्हणतात, माल पास होतो. आणि मुद्दाम घातलेलं वेगळं, चुकून पडलेलं वेगळं. गणपतीत गुन्हा होता, हा अपघात.

मग अपघात सांगायला जीभ का उचलत नाही? चहाच्या वेळी सांगणार होतो. तिनेच आपणहून विचारलं, बाबा, काही बोलायचंय का? मी म्हटलं, परतीची गाडी वेळेवर आहे का बघून ठेव.

२० जानेवारी
तिला घेऊन टेकडीवर देवीला गेलो. वर पोचल्यावर सांगायचं ठरलं होतं. वर पोचल्यावर दम लागला. दम गेल्यावर गर्दी आली. उतरताना तिने माझा हात धरला, पायऱ्या निसरड्या होत्या. हात धरलेल्या पोरीला असलं काही सांगतात का? स्टेशनवर सांगेन.

२१ जानेवारी
स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबते. पाण्याची बाटली दिली.

२२ जानेवारी, सकाळी ११
चारुलताने आज सकाळी भाजी निवडता निवडता सांगितलं. देवश्रीने पाहिलं होतं. नैवेद्य सुरू झाल्यापासून ती ताटं घेऊन दारातच होती. थेंब पडताना पाहिला, बोटं ओशट लागल्यावरचा माझा चेहराही पाहिला. आईला म्हणाली, चुकून झालं ते मला दिसलं गं, म्हणून तर खाल्लं. वाटलं, या वेळी बाबा स्वतः सांगतील. तीन दिवस वाट बघतेय.

मी चारुलताला विचारलं, मग तू मला आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, गाडीत बसेपर्यंत सांगायचं नाही अशी तिने शपथ घातली होती. आणि भाजी घेऊन आत गेली.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही. तूप तिने माझ्यासाठी गिळलं, आणि मला एक वाक्य गिळवेना की बोलवेना.

११.४०
फोन घेऊन बसलो. सगळं टाइप केलं. थेंब, सही, गणपती, अण्णांची टाळी, सॉरी. दोनदा वाचलं. फार लांबलं होतं, ऑफिसात वाचताना तिला अडचण होईल. पुसलं. सुखरूप पोचलीस का, एवढंच पाठवलं.

लगेच उत्तर आलं. पोचले. बाबा, अजून काही?

लिहिलं, नाही गं, बाकी सगळं मजेत.