डाव्या धमनीचा रकाना

प्रिय खारूताई,

घरात ताई मी, पण हे नाव चिकटलं तुला. तू कधी साधी चालत गेल्याचं कुणाला आठवत नाही. साडेआठला तुला ऑपरेशनसाठी आत नेलं. आई पेपरचं एकच पान धरून बसली आहे, बाबा दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला उठतात. रोज लोकांच्या हृदयाची सोनोग्राफी करणारी, त्यांच्या नातेवाइकांना धीर देणारी मी. आज मीच दाराबाहेर बसून मांडीवर कागद ठेवून लिहितेय. अक्षर सांभाळून घे.

सर्जननी काल तुला काढून दाखवलेलं चित्र मला पाठ आहे. तुझ्या हृदयाची डावी धमनी जन्मापासून चुकीच्या बाजूने निघते आणि महाधमनीच्या भिंतीतूनच पुढे जाते. एरवी त्रास नाही, पण जोरात धावलं की ती दाबली जाते. म्हणून तू शर्यतीत शेवटच्या वळणावर कोसळलीस. आत्ता तुझं हृदय थांबवून ते भिंतीतला तो अरुंद रस्ता उघडत असतील. हे 'थांबवून' मी रुग्णांना किती सहज सांगते! आज तो शब्द दोनदा खोडून मग लिहिला.

तू पडलीस तेव्हा ईसीजी चांगला आला, उन्हाने झालं असं तिथले डॉक्टर म्हणाले. हृदयाच्या धमन्या दाखवणारी सीटी अँजिओ केल्याशिवाय हलणार नाही म्हणून मीच हटून बसले. तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, मोठीमुळे धाकटी वाचली. काल माझा हात धरून तूही तेच म्हणालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी हुशार नव्हते गं, घाबरले होते. दोन वर्षांपूर्वी संघात निवड झाली तेव्हा तुझ्या हृदयाची सोनोग्राफी मीच केली होती, जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईत. तू टेबलावर खिदळत होतीस. उजव्या धमनीचं तोंड दिसलं, डावीचं काही दिसेना. अशा वेळी आमच्याकडे सगळेच त्या धमनीच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहून मोकळे होतात. तरण्याताठ्या पोरांना काय होतंय! मीही लिहिलं. आमच्या डॉक्टरांनी माझ्या भरवशावर सही केली. काल संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं, बाकीच्या खेळाडूंचे असे न बघताच 'नॉर्मल' लिहिलेले रिपोर्टही काढून दिले.

तुला मात्र सांगता आलं नाही. शुद्धीवर आलीस की पुन्हा माझे आभार मानशील आणि मी पुन्हा गप्प बसेन, एवढी मी स्वतःला ओळखते. म्हणून आतून काही कळायच्या आधीच लिहून ठेवतेय. अबोला धर, पाठीत धपाटे घाल, जन्मभर टोमणे मार. फक्त त्यासाठी ऊठ.

तुझीच,
चुकलेली ताई