कॉलम मॅन्युअलवर

शिरूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षदा हिस आप्पाचा आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत न्हाई, तवा लिहितोय. तुझ्या कंपनीनं आमच्या कारखान्यातल्या सॉल्व्हंट उकळून शुद्ध करायच्या कॉलमला बसवलेला कॉम्प्युटर झकास चाललाय. सॉल्व्हंट उकळताना अर्ध्या तासानं काय होणार ते त्याला आधीच कळतं. टेंपरेचर चढायच्या आत तो वाफ कमी करतो. एकतीस वर्षं मी व्हॉल्व्ह फिरवला. आता नुसता पडद्याकडं बघत बसतो. तुझी आई गेल्यापासून घरी बोलायला कोण न्हाई, आन् आता कामावर कॉलमबी मला काही विचारत न्हाई.

जावईबापूंना नमस्कार सांग. जीव लावतेस तसाच लाव.

तुझा आप्पा

दौंड, १९ नोव्हेंबर

ती. आप्पांना हर्षदाचा वाकून नमस्कार.

तुमच्या शेजारच्या नकुशीमावशींचा फोन आला होता. चार दिवस सलग पिठलंच खाताय म्हणे! स्वतःच्या हाताचं एवढं कौतुक बरं नाही.

आप्पा, तेरा तारखेला तुमच्या कॉलमचा माल बिघडला. अख्खी टाकी पुन्हा उकळावी लागली. तुमचे साहेब म्हणतात, कॉम्प्युटरचं गणित चुकलं. ते गणित मी बसवलेलं आहे. दोन तारखेच्या मीटिंगमध्ये मला या कामावरून काढतील.

नोंदीत मात्र त्या दुपारी तीन ते चार सिस्टीम मॅन्युअलवर दिसते, म्हणजे कॉम्प्युटर बाजूला ठेवून कुणीतरी हातानं चालवलेली. ड्यूटीवर तुम्ही होता. मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. काय झालं, तुम्हीच सांगा.

रागावू नका. माया कमी करू नका.

तुमची हर्षदा

शिरूर, २५ नोव्हेंबर

चि. हर्षदा, खुशाल राहा.

व्हय, मीच मॅन्युअलवर टाकला. पयली वीस मिनिटं टेंपरेचरचा काटा हालला न्हाई. वाटलं, अजून जमतंय. मग बॉयलरचं प्रेशर पडलं. पूर्वी पाइपाच्या आवाजावरनं मला ते कळायचं, आता तो आवाजच मला ऐकू येत न्हाई. घाबरून मी वाफ जास्त सोडली. तुझं गणित बरोबर होतं, पोरी.

शनिवारी साहेबांपुढं सगळं कबूल केलं. त्यांनी विचारलं, असं का केलंत. म्हणालो, करमत नव्हतं. तू मीटिंगात ती नोंद दाखव, माझं नाव झाकू नको.

आजपासनं मला स्टोअरला बसवलंय. मागतील ते पाने, वायसर काढून द्यायचे. दिवसभरात तिघं आले. एकजण तर चहा घ्यायला बसला.

सवड झाली की चार ओळी धाड.

तुझा आप्पा